कंपनी बंद, ट्रॅक्टर चालू

हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तरी सोलापूर जिल्ह्यात उसाची ट्रॉली ओढणारा एखादा जुना ५९११ आजही दिसतोच. या घराण्याचं मूळ चेक कंपनी झेटरचं. तिच्या सहकार्याने १९७१च्या सुमारास पिंजोरला झेटर २५११ बनू लागला. मशीन दणकट, त्यामुळे मालक ते विकायला राजी नसतो. पण साखर कारखान्यांची मोळी पडायच्या तोंडावर गिअरबॉक्स वाजायला लागला, की पहिला प्रश्न येतो, ‘मिस्त्री, ह्याचा माल मिळंल का?’

मिळतो. कारण त्यातला बराचसा माल त्या ट्रॅक्टरचा नसतोच. गिअरबॉक्समधलं बेअरिंग पुसून बघा. कडेला ६२०६ असा आकडा कोरलेला सापडेल. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास निघतो, ३० मिलिमीटर. ६३०८ असेल तर ४०. ही पद्धत जगभर एकच आहे, त्यामुळे पिंजोरला टाळं लागलं तरी बेअरिंगच्या दुकानदाराला फरक पडत नाही. ऑइल सीलवर तीन मापं असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. आकडे झिजले असतील तर व्हर्निअर लावायचा.

अडचण येते ती गिअर आणि शाफ्टला. दात किती, स्प्लाइन किती, लांबी किती, सगळं तंतोतंत जुळावं लागतं, आणि एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधेच बदल करून ठेवतात. लुधियाना आणि राजकोटला ट्रॅक्टरचे सुटे भाग बनतात, दिल्लीच्या काश्मिरी गेटला मोठा बाजार आहे. पण फोटो पाठवून गिअर मागवू नये. जुना तुकडा हातात घेऊन दुकानाच्या फळीवर नव्याशेजारी ठेवावा आणि दात मोजावेत. भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरचा मूळ गिअरही वाईट नसतो, दातांवर खळगे पडलेले नसले तर. दाताच्या वरच्या थराला उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेलं असतं. तो थर एकदा उडाला की आतलं मऊ पोलाद झपाट्याने झिजतं. असा गिअर फुकट मिळाला तरी बसवू नये.

खोलण्याआधी मात्र थोडं थांबावं. गिअर पडताना करकरतो म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नाही; क्लच पूर्ण सुटत नसेल तरी तसंच होतं. पेडलचा प्ले तपासा, तो काही मिनिटांत जुळतो. चालता चालता गिअर निसटत असेल तर झाकण काढून आधी फोर्क, गोळी आणि स्प्रिंग बघावी. स्प्रिंग दमली की गोळी खाचेत घट्ट बसत नाही. पाच-पन्नास रुपयांच्या या जिनसांपायी लोकांनी अख्खा ट्रॅक्टर कापल्याचे किस्से गॅरेजोगॅरेजी ऐकायला मिळतात. तेल उतरवून त्यात चुंबक फिरवा. काळसर चिखल लागला तर ती रोजची झीज. चमकते तुकडे लागले तर मात्र पाने काढा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. २०२५च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला. तशा पुरात बुडालेला ट्रॅक्टर तेलं बदलल्याशिवाय सुरूच करू नये.

‘कापणे’ म्हणजे इथे मधून वेगळा करणे. ट्रकसारखी चासी बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागची धुरी एकमेकांना बोल्टांनी जोडलेली, तोच त्याचा कणा. १९१७च्या फोर्डसनपासून ही रचना रूढ झाली. म्हणून साधी क्लच प्लेट बदलायलाही पुढचा भाग ठोकळ्यांवर आणि मागचा जॅकवर घेऊन ट्रॅक्टर फाकवावा लागतो. एवढं उघडलंच आहे तर रिलीज बेअरिंग आणि सील नवीन टाकून घ्यावं. तिथे काटकसर करणारा मालक सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा मजुरी देतो.

सगळ्यात नाजूक काम क्राऊन-पिनियनचं. हे जोडीनेच येतात. कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, आणि दोघांवर सहसा एकच नंबर टाकलेला असतो. फक्त पिनियन बदलून पैसे वाचवायला गेलं की मागून रडल्यासारखा आवाज सुरू होतो, मग दोन्ही जातात. जाणता मिस्त्री दातांना पातळ रंग लावून चाक हाताने फिरवतो आणि ठसा बघतो. ठसा दाताच्या मध्याजवळ हवा. टोकाला सरकला असेल तर कागदासारखी पातळ शिम काढून-घालून पुन्हा फिरवायचं. यात अर्धा दिवस गेला तरी त्याच्या मागे तगादा लावू नये.

२०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं तिच्या अग्रक्रमात होती. पुस्तिका आणि सुटे भाग कंपन्यांनी खुले करावेत, हा रोख रास्तच. पण ज्याचा कारखानाच राहिला नाही, त्या ट्रॅक्टरची पुस्तिका कोण देणार? तूर्त ती मिस्त्रीच्या डोक्यात आहे, आणि तेलकट वहीत.

जोडणी झाल्यावर तेल कंपनीने सांगितलेलंच घाला. फर्ग्युसन घराण्याच्या ट्रॅक्टरांत गिअरला आणि हायड्रोलिकला एकच तेल लागतं, तिथे दुकानदार देईल ते जाड तेल चालत नाही. पहिलं तेल लवकर उतरवा, नव्या दातांचा कीस त्यात येतो. आणि पहिल्याच आठवड्यात दोन ट्रॉल्या जोडून, ओल्या रानातून झटक्याने क्लच सोडू नका. पिनियनचे दात मोडतात ते बहुधा तिथेच.