हिरो मेला काहून?

मे महिना, दुपारचे तीन. आर्वी नाक्याजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत कूलर आहे, पण लाइट गेली की तो नुसता पत्र्याचा डबा. अशाच एका दुपारी आम्ही पाच जणांनी लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर बर्फातला एक पिच्चर पाहिला. बाहेर ४५ अंश आणि पडद्यावर घोडे पोटापर्यंत बर्फात रुतलेले. पिच्चर संपला तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मग हिंगणघाटचा मित्र उखडला, ‘अबे, हिरो मेला काहून?’

त्या दिवसापासून आमच्यात पार्ट्या पडल्या, त्या अजून मिटलेल्या नाहीत.

पिच्चरचं नाव ‘द ग्रेट सायलेन्स’. १९६८ चा इटालियन वेस्टर्न, दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची. काऊबॉयपट म्हटलं की आपल्याला दुसरा सर्जिओ आठवतो, सर्जिओ लिओनी. तोंडात सिगार धरलेला क्लिंट ईस्टवूड, डोळ्यांचे क्लोजअप, तापलेली धूळ. कोर्बुचीचं नाव घेतलंच तर त्याच्या १९६६ च्या ‘जँगो’साठी घेतात. ‘सायलेन्स’ मात्र फारसा कोणी पाहिलेला नसतो.

(पुढे शेवट सांगितला आहे. आधी पाहायचा असेल तर पान घडी घालून ठेवा.)

गोष्ट १८९८ च्या हिवाळ्यातली, अमेरिकेतल्या युटामधली. बर्फामुळे उपाशी पडलेली माणसं चोऱ्या करतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर इनाम लागतं. इनामासाठी माणसं टिपणारे शिकारी गावात फिरतात, आणि त्यांचा मुख्य लोको. हे काम क्लाउस किन्स्कीनं केलंय, गोड हसत. त्याचं पालुपद एकच, आपण कायद्याबाहेर काही करत नाही. आणि ते खरंच आहे. प्रेतं दाखवायची, पैसे घ्यायचे, सगळं नियमात. गावचा सावकारही तोच आणि न्यायाधीशही तोच, त्यामुळे कागद कुठे अडायचा प्रश्नच नाही.

हिरोचं नाव सायलेन्स. लहानपणी शिकाऱ्यांनी गळा कापल्यामुळे तो मुका आहे. फ्रेंच नट जाँ-लुई त्रँतिन्याँ अख्ख्या पिच्चरमध्ये एक शब्द बोलत नाही. समोरच्यानं आधी पिस्तूल काढल्याशिवाय हा गोळी झाडत नाही, म्हणजे तोही कायद्यातच. आणि शेवटी तो मरतो. त्याच्यावर जीव लावणारी पॉलिन मरते. ओलीस धरलेले सगळे उपाशी लोक मरतात. लोको त्याचं पिस्तूल उचलतो आणि निघून जातो. संपला पिच्चर.

पहिली पार्टी हिंगणघाटची. तिचं म्हणणं, ‘दीड तास आमाले थंडीत बसवलं आन् शेवटी काय देल्लं? व्हिलनच जिंकाचा होता तं हिरो आनला कायले?’ त्याचा मुद्दा अगदीच पोरकट नाही. लोकांनी हरणं रोज पाहिलेलं असतं. दोन तास तरी कोणी जिंकलेलं पाहावं म्हणून तर माणूस तिकीट काढतो.

दुसरी पार्टी एमए करणाऱ्या मैत्रिणीची. ती म्हणाली, शेवट असा आहे म्हणूनच आपण आत्ता भांडतोय. सायलेन्स जिंकला असता तर एव्हाना चहाला गेलो असतो. तिनं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पॉलिनचं काम केलंय व्होनेटा मॅगी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं. १९६८ साली गोऱ्या हिरोसोबत तिचं प्रेम दाखवणं साधी गोष्ट नव्हती, आणि पिच्चर त्याचा गवगवा करत नाही. चे गव्हेरा आणि माल्कम एक्स यांच्या हत्यांचं सावट कोर्बुचीच्या डोक्यावर होतं, असं या पिच्चरबद्दल लिहिणारे सांगतात. ते समजलं की शेवट वेगळा दिसतो.

तिसरा मेंबर तबला वाजवतो. त्याला शेवटाशी घेणंदेणं नाही, संगीत एन्निओ मोरिकोनेचं असल्यावर त्याचं पोट भरलं. लिओनीच्या पिच्चरमधली शिट्टी आणि चाबकाचे फटकारे इथे नाहीत, इथे हळू, दुखरी धून आहे. ‘हा मानूस बोलत नाही ना, तं त्याच्या वाटचं संगीतच बोलून रायलं,’ असं त्याचं निरीक्षण. याच मोरिकोनेला २०१६ मध्ये टॅरँटिनोच्या ‘द हेटफुल एट’साठी ऑस्कर मिळालं. तो पिच्चरही बर्फातलाच.

मग कोणीतरी शोधून काढलं की याला दुसरा शेवटही आहे. निर्मात्यांसाठी कोर्बुचीनं आनंदी शेवट शूट करून ठेवला होता. त्यात बर्फात बुडून मेला असं वाटलेला शेरीफ ऐन वेळी घोड्यावर येतो, लोकोला उडवतो, सायलेन्स वाचतो, ओलीस सुटतात. हिंगणघाटच्या पार्टीला वाटलं, आता आपण जिंकलो. आम्ही तोही पाहिला. पाहून तोच म्हणाला, ‘हे तं काहीच्या काहीच हाय बे.’ तरी पार्टी त्यानं सोडली नाही. आता त्याचं म्हणणं, शेवट सुखाचा पाहिजे, पण नीट जमलेला पाहिजे.

बदललेला शेवट आपल्यालाही नवा नाही. १९७५ च्या ‘शोले’त ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो, असं आधी शूट झालं होतं. सेन्सॉरनं हरकत घेतली, कारण माजी पोलिस अधिकाऱ्यानंच कायदा हातात घेणं मान्य नव्हतं. मग पोलिस येऊन गब्बरला घेऊन जातात, हा शेवट आला. गंमत बघा, रामगढमध्ये कायदा उशिरा का होईना पोचतो. कोर्बुचीच्या गावात तो आधीपासून हजर आहे, मारणाऱ्याच्या खिशात.

इथपर्यंत भांडण मजेचं होतं. मग सेलू तालुक्यातला मित्र, जो एरवी कमी बोलतो, तो बोलला. त्याच्या बाबांनी तीन एकर गहाण ठेवलं म्हणून पैसे घेतले होते. कागद झाला तो खरेदीखताचा. ‘कागद बरोबर होता. शिक्का खरा, सही बाबाचीच. त्या लोकोसारखं, सगळं नियमात.’ अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मागायची सोय २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. त्यांनी केलाय. तारखा चालू आहेत. ‘मले हा शेवट खरा वाटला,’ तो म्हणाला, ‘पन मले तो पायजे नाही.’

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

पिच्चरमध्ये एक बारीक गोष्ट आहे, ती दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आली. गव्हर्नर या फरार लोकांना माफी देणार असतो. शेरीफला त्यासाठीच पाठवलेलं असतं. लोको घाई करतो ती म्हणूनच, कारण माफी आली की इनाम बंद.

अशी माफी वर्ध्याच्या माणसाला कथा वाटू नये. पवनारचे विनोबा मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि २० बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. तेव्हाही दोन पार्ट्या होत्याच. मध्य प्रदेशाचे त्या वेळचे पोलिसप्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्मानं आपल्या कामठीचे, त्यांना ही पद्धत पटली नव्हती. डाकूंशी लढताना पोलिस मेले होते, त्यांचं काय, हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या वेळी गोळी न झाडता बंदुका खाली आल्या, हेही खोटं नाही.

म्हणजे तिसरा शेवटही असू शकतो. हिरो मरत नाही, घोड्यावरून कोणी धावूनही येत नाही. कोणीतरी चालत जातं आणि बोलतं.

गेल्या रविवारी आम्ही सायकली काढून पवनारला गेलो, धामच्या काठावर बसलो. तिथेही हिंगणघाटवाल्यानं विषय काढलाच. सेलूवाल्याची पुढची तारीख जवळ आलीये. आम्ही पाचही जण त्याच्यासोबत जाणार आहोत. त्या दिवशी पिच्चरवर भांडायचं नाही, एवढं एकच सगळ्यांना मान्य झालंय.