महागडा हेडफोन आणि आपला कान

‘सगळ्यात चांगला हेडफोन कोणता?’ या प्रश्नात कोणासाठी आणि काय ऐकायला, हेच नसतं. झेनहायझरचे दोन हेडफोन घ्या. 2003 सालचा एचडी 650 उबदार, मवाळ. गाणारा अगदी जवळ बसलाय असं वाटतं. 2009 सालचा एचडी 800 कितीतरी महाग. त्यात प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं, पण 6 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज चढलेला असल्यामुळे ‘स’, ‘श’ कानाला टोचतात. पुढे एचडी 800 एस काढताना कंपनीने तो चढ शोषून घेणारी रचना आत बसवली. रात्री निवांत गझल ऐकणाऱ्याला 650च आवडला, तर त्याचा कान कच्चा आहे असं मुळीच नाही.

महाग ते सुरेल, हाही गैरसमजच. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. खर्जापासून तारस्वरांपर्यंत कुठला स्वर किती जोरात वाजतो आणि हेडफोनची किंमत किती, यांचा काही संबंध त्यांना आढळला नाही. जास्तीचे पैसे मजबुतीला, मऊ गाद्यांना आणि (खरं सांगायचं तर) नावालाही जातात.

‘न्यूट्रल’ आवाज म्हणजे कुठला स्वर किती जोरात वाजतो याच्या आलेखावर सरळ रेघ, असं जाणकारसुद्धा बोलून जातात. पण समोरून येणारा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेतो कानाची पाळी आणि नळी 3 किलोहर्ट्झच्या आसपासचे स्वर वाढवतात. मेंदूला त्याचीच सवय असते. म्हणून कानाच्या पडद्यापाशी मोजल्यावर सरळ रेघ देणारा हेडफोन दबलेला, निर्जीव वाटतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन कंपनीत श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन पसंतीचा आलेख ठरवला, तोच ‘हरमन कर्व्ह’. त्यांच्याच पाहणीत सुमारे 64 टक्के श्रोत्यांना तो आवडला. 15 टक्क्यांना बेस आणखी हवा होता, 21 टक्क्यांना कमी. कमी बेस मागणाऱ्यांत वयस्कर श्रोते आणि स्त्रिया जास्त होत्या. एकच आलेख सगळ्यांच्या गळी उतरवणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

ओहम (हेडफोनचा विद्युत अवरोध) जास्त म्हणजे दर्जा जास्त, हेही खरं नाही. बायरडायनॅमिकचं एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं. झेनहायझरच्या 300 ओहमच्या एचडी 600पेक्षा 50 ओहमच्या हायफायमॅन एचई-6ला कितीतरी जास्त ताकद लागते, कारण त्याची संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत होणारा आवाज) कमी आहे. वेगळा अँप्लिफायर घ्यायचा की नाही, हे ओहम आणि संवेदनशीलता असे दोन्ही आकडे पाहून ठरवावं. खोक्यावरच्या ‘40 किलोहर्ट्झपर्यंत’ला तर भुलूच नका, माणसाचा कान 20च्या वर जात नाही आणि वयाबरोबर तीही मर्यादा खाली येते.

दुकानात दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. आणि लावा ते आपलंच, पाठ असलेलं गाणं. दुकानदाराच्या डेमो ट्रॅकवर तर कुठलाही हेडफोन झकास वाजतो.