लाइट गेली की वायफाय का पेंगतं?

आमच्या टेंभुर्णीत (जि. जालना) काय किंवा होस्टेलवर काय, लाइट जाते. राउटर इन्व्हर्टरवर चालू, सिग्नल फुल्ल, तरी परीक्षेचा फॉर्म सबमिट होत नाही. शिव्या राउटरला! पण लॅपटॉप बॅटरीवर आला की बरेचदा ड्रायव्हर वायफाय कार्डला मधूनमधून झोपवतो. ही सोय १९९७ च्या ८०२.११ स्टँडर्डमध्येच आहे. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी हाक मारतो, झोपलेल्याची पॅकेट्स सांभाळून ठेवतो. कार्डाने उठून ती मागून घ्यायची. ड्रायव्हर कच्चा असला की हाक चुकते आणि नेट अडखळतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी सेटिंगमध्ये वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. बॅटरी जरा लवकर उतरेल. फरक पडला, तर ड्रायव्हर अपडेट करा; नाहीच पडला, तर मग राउटरला खुशाल बोला!