एकाचे दोन दिसू लागले तर…

पेढीवर खतावणी तपासताना एका आकड्याचे अचानक दोन आकडे दिसू लागले, की पावले प्रथम चष्म्याच्या दुकानाकडे वळतात. परंतु या दोषाचे मूळ कधीकधी डोळ्यात नसून रक्तात असते.

प्रत्येक डोळा ६ स्नायूंच्या साहाय्याने फिरतो आणि त्या स्नायूंना मेंदूची आज्ञा ३ मज्जातंतू पोहोचवतात. त्यांपैकी एक डोळा बाहेरच्या बाजूस वळवतो. कवटीतील त्याचा मार्ग लांब असल्याने आतला दाब वाढताच तो दुबळा होतो. डोळा नाकाकडे ओढला जातो आणि विशेषतः दूरचे दृश्य दुहेरी दिसते. एक डोळा झाकताच ते एकेरी होते, ही त्याची साधी ओळख.

मेंदूतील रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाली, तर निचरा तुंबून असा दाब वाढतो. सोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या वा झटकेही येऊ शकतात.

रक्त गोठवणारे आणि ते रोखणारे घटक यांचा ताळेबंद शरीरात जुळलेला असतो. प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन यांची उणीव काही घराण्यांत आनुवंशिक असते. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ हा असाच एक जनुकीय दोष उघडकीस आला. गर्भारपण, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि शरीरातील पाणी घटणे यांमुळेही धोका वाढतो.

आपल्या समाजाने येथे अधिक सावध असावे. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्यामुळे रक्तातील होमोसिस्टीन वाढते आणि त्याचा संबंध गुठळ्यांशी आढळला आहे. रक्ततपासणीने ही उणीव कळते आणि औषधाने भरून निघते. धार्मिक कार्यासाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेणे आणि त्यातच चौविहार उपवास करणे विशेष जोखमीचे आहे. ज्यांच्या घराण्यात कमी वयात गुठळ्या झाल्या असतील, त्यांनी पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांना विचारावे; तिविहार उपवासात उकळलेल्या पाण्याची मुभा आहेच.

मधुमेहातही या मज्जातंतूंना इजा होते, म्हणून निदान स्वतः करू नये. अचानक दुहेरी दिसू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एमआरआय आणि शिरांच्या चित्रणाने गुठळी दिसते. रक्त पातळ ठेवणारी औषधे वेळीच सुरू झाली, तर बहुतेकांची नजर काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होते. ती औषधे डॉक्टरांच्या आज्ञेवाचून थांबवू नयेत, उपवासाच्या दिवशीही नाही.