अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे : शस्त्रक्रिया केव्हा व कशासाठी?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास स्थिरावला, दूध पचू लागले, की मातापित्यांच्या जिवात जीव येतो. परंतु जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, नेमक्या याच सुमारास, आतड्याचा एक गंभीर विकार डोके वर काढू शकतो. वैद्यकशास्त्रात त्यास नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, संक्षेपाने ‘एन.ई.सी.’ म्हणतात. जन्मतः १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांपैकी साधारणतः शंभरात पाच ते दहा बाळांना तो होतो.

अशा बाळाच्या आतड्याचे अस्तर कोवळे असते व रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते. जंतूंचा समतोल बिघडला की आतड्यास तीव्र दाह होतो, रक्तपुरवठा खुंटतो आणि काही भाग मृत होऊ लागतो. पोट फुगणे, पोटात दूध साचून राहणे, हिरवट पित्त येणे, शौचातून रक्त पडणे, मधूनच श्वास थांबणे ही त्याची लक्षणे होत. क्ष-किरण चित्रात आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसल्यास निदान पक्के होते.

प्रारंभी उपचार औषधांचाच असतो. दूध बंद करून नळीवाटे पोट रिकामे ठेवले जाते, प्रतिजैविके दिली जातात व शिरेवाटे पोषण केले जाते. बहुसंख्य बाळे एवढ्यानेच सावरतात. मात्र आतड्यास छिद्र पडून वायू उदरपोकळीत शिरला, अथवा सर्व उपचार चालू असूनही प्रकृती ढासळत गेली, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

शल्यचिकित्सक उदर उघडून मृत भाग काढतात व बहुधा निरोगी टोक पोटावर आणून तात्पुरता मलमार्ग, म्हणजे स्टोमा, करतात. अत्यंत लहान बाळात काही वेळा केवळ स्थानिक भूल देऊन निचरा-नळी घालण्याचा पर्याय असतो. १९७७ साली टोरांटो येथील शल्यचिकित्सकांनी तो मांडला. १००० ग्रॅमपर्यंतच्या ३१० बाळांवरील अमेरिकन अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीत दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. तथापि ज्यांना एन.ई.सी. असल्याचे आधीच निदान झाले होते, त्यांच्यात उदर उघडून केलेली शस्त्रक्रिया बहुधा अधिक हितावह ठरते, असे आढळले.

या शस्त्रक्रियेचे यश किती आतडे काढले यावर नव्हे, तर किती राखले यावर मोजावे लागते. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत लहान आतड्याची लांबी जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे या बाळाच्या आतड्याची पुष्कळशी वाढ अद्याप व्हावयाची असते. म्हणूनच संशयास्पद भाग लगेच न कापता एक-दोन दिवसांनी पुन्हा उदर तपासण्याचा निर्णयही घेतला जातो. आतडे फार थोडे उरल्यास मूल महिनोन् महिने शिरेवाटे दिलेल्या पोषणावर अवलंबून राहते. स्टोमा मात्र वजन वाढल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, बंद करता येतो.

शस्त्रक्रिया होऊनही अनेक बाळे दगावतात, हे कटू सत्य आहे. त्यामुळे प्रतिबंधाचे मोल मोठे. आणि त्याचे सर्वात प्रभावी ज्ञात साधन आईचे दूध हेच होय. ते अपुरे पडल्यास दात्या मातांचे पाश्चरीकृत दूध द्यावे, या विचाराने मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. काचपेटीतल्या बाळासाठी आईने काढून दिलेले चमचाभर दूधही औषधाइतकेच मोलाचे आहे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणावे.