दर सेकंदाला एक बादली

मुलुंडमधल्या आमच्या इमारतीची गच्ची मी एकदा टेप घेऊन मोजली. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. म्हणजे चारशे चौरस मीटर. तळमजला अधिक चार मजले, वीस घरं आणि कोपऱ्यांत पावसाचं पाणी उतरवणारे चार पाईप. बाकीचं गणित शाळकरी पोरालाही जमेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. बातम्यांमध्ये ‘एक मिलिमीटर’ ऐकलं, की आमच्या गच्चीवर दोनशे लिटरची दोन पिंपं उपडी झाली असं समजावं. वीस मिलिमीटरची साधी सर म्हणजे चाळीस पिंपं.

आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम ७३. उपनगरं बुडत होती तेव्हा दक्षिण मुंबई नुसती भिजत होती. आमच्या गच्चीएवढ्या गच्चीवर ९४४ मिलिमीटर म्हणजे पावणेचार लाख लिटरहून जास्त पाणी. दहा हजार लिटरचे अडतीस टँकर एका इमारतीच्या डोक्यावर रिते झाले. पाईपांची तोंडं बंद असती, तर पाणी कठड्याच्या उंचीला जाऊन टेकलं असतं.

पण एकूण बेरजेपेक्षा मला वेग जास्त अस्वस्थ करतो. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. चारशे चौरस मीटरला हे तासाला ७६ हजार लिटर होतात, सेकंदाला एकवीस. घरातली मोठी बादली वीस लिटरची असते. म्हणजे तासभर, एकही सेकंद न थांबता, कुणीतरी दर सेकंदाला एक भरलेली बादली गच्चीवरून खाली ओततंय. ही एक इमारत झाली. शेजारची, तिच्या पलीकडची, घाटकोपरच्या टेकडीवरची, बोरिवलीच्या पत्र्यांवरची, सगळ्यांच्या बादल्या एकाच गटाराकडे निघालेल्या.

त्या गटारांची ताकद किती? इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं जाळं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेलं होतं. त्यातही निम्मं पाणी जमीन पिऊन टाकेल हे गृहीत होतं, म्हणजे नाल्यापर्यंत पोचणार फक्त साडेबारा. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने आकडा ५० वर नेला आणि एक गोष्ट मुकाट्याने मान्य केली: आता जमीन काहीच पिणार नाही, पडेल तो थेंब न् थेंब वाहून न्यावा लागेल. साडेबाराचे पन्नास, म्हणजे नाल्यांवरचं ओझं चौपट. त्यातली एक दुप्पट पावसाची. दुसरी दुप्पट आपण केलेली आहे, आणि ती मला विसरता येत नाही. सोसायटीच्या आवारातली माती आपण चिखल नको म्हणून फरशीखाली गाडली, पेव्हर ब्लॉक बसवले, झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास दिला. जे पाणी मुळांशी मुरत होतं ते आता फाटकाबाहेर धावतं.

आणि बाहेर समुद्र वाट अडवून उभा असतो. २६ जुलैच्या दुपारी भरती ४.४८ मीटरची होती. नाले समुद्रात रिकामे व्हायचे, तर समुद्रच नाल्यांतून आत येऊ बघत होता. महापुरानंतर इर्ला, गझदरबंध अशा ठिकाणी पाणी उपसणारी केंद्रं उभी राहिली. तिथला एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. ऐकताना छाती दडपते. पण १९० मिलिमीटरच्या तासात असा एक अजस्र पंप आमच्यासारख्या पावणेतीनशे-तीनशे गच्च्यांनाच पुरा पडतो. रस्ते, मैदानं, आवारं त्यात धरलेलीच नाहीत.

मग हे पाणी अडवता येईल का? मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले की सुमारे १ लाख ४४ हजार कोटी लिटर साठा होतो. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ साधारण ४३७ चौरस किलोमीटर आणि उपनगरातला पावसाळ्याचा सरासरी पाऊस २२०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढा शहरभर धरला तर होतात ९६ हजार कोटी लिटर, सात तलावांच्या दोन तृतीयांश. ते आपल्या डोक्यावर पडतं, आणि पिण्याचं पाणी आपण दूरच्या भातसा-वैतरणेहून आणतो.

इथे उत्साह जरा आवरावा लागतो. गच्चीखाली दहा हजार लिटरची टाकी बसवली तर ती २५ मिलिमीटर पावसात भरते. त्या १९०च्या तासात आठ मिनिटांत. उरलेलं पाणी गाळून जुन्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडलं तरच अर्थ आहे. पडलेलं पाणी जागच्या जागी धरायचं, हे कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी खडकात कोरून ठेवलंय. बोरिवलीच्या जंगलातली ही शंभराहून अधिक लेणी. कातळावर खोदलेल्या बारीक पन्हळी पावसाचं पाणी वळवतात आणि लेण्यांशेजारच्या टाक्यांत नेऊन सोडतात. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. मे महिन्यातही काही पोढ्यांत वाकून बघितलं की आपला चेहरा दिसतो. ज्याचं छप्पर, त्याचं पाणी, त्याच्याच दाराशी.

आमच्याकडे पोढी नाही, पण पाईपांच्या तोंडांवर जाळ्या आहेत, आणि त्या तुंबल्या की पाणी गच्चीवरच साचतं. लोकांचा वावर असलेल्या गच्चीचं बांधकाम आखताना भारतीय मानकानुसार चौरस मीटरला दीडशे किलोचा अतिरिक्त भार धरतात. पंधरा सेंटिमीटर साचलेलं पाणी म्हणजे नेमके दीडशे किलो. आमच्या गच्चीवर ते साठ टन होतात, आणि ते साचायला वादळ लागत नाही. पाईपाच्या तोंडाशी पिंपळाची पानं, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि कबुतराचं घरटं पुरतं.

म्हणून मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही बादली-परीक्षा घेतो. एक जण गच्चीवर, एक जण खाली चेंबरपाशी. १९०च्या वेगात चार पाईपांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दर चार सेकंदांना एक बादली येते, तेव्हा ओतलेली बादली चार सेकंदांत गडप व्हायला हवी. गेल्या खेपेला तीन पाईपांनी ती गिळली. चौथ्याशी मी एकवीसपर्यंत मोजलं, पाणी तोंडाशीच गोल फिरत राहिलं, आणि खालून हाक आली, ‘अहो, ओतलं का?’