बंड्याची साखर

मागच्या श्रावणात आमच्या बंड्याचं पाणी पुरेनासं झालं. बंड्या म्हणजे आमचा बोका. वय वर्षे नऊ, वजन सात किलो, स्वभाव पेन्शनरांचा. सकाळी भरलेली वाटी दुपारी कोरडी ठणठणीत. मातीचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागे. खाणं दुप्पट, तरी पाठीचे मणके हाताला लागायला लागले. मैत्रिणींनो, गेली बारा वर्षं मी बचत गटांच्या शिबिरात बायकांना सांगत आलेय, 'तहान वाढली, लघवी वाढली, वजन उतरलं की साखर तपासा.' आणि घरातल्या जिवाचं माझ्या लक्षात येऊ नये! तो मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागला, तेव्हा कुठे टोपलीत घालून त्याला तासगावहून सांगलीला नेलं.

साखर निघाली ४१२. मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते ती फ्रुक्टोसमाईनची तपासणीही करून घेतली. मधुमेहच होता. लठ्ठ, नसबंदी झालेल्या, वय झालेल्या बोक्यांना जास्त होतो म्हणे. औषध म्हणजे इन्सुलिन, रोज दोनदा, बारा तासांच्या अंतराने.

"माणसांना इथं औषधं परवडेनात आणि मांजराला इंजेक्शनं?" शेजारच्या वहिनींनी तोंडावरच विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. पण आमच्या गटातली एक जण महिनाअखेरीला स्वतःचं इन्सुलिन निम्म्यावर आणते, हे मला ठाऊक आहे. त्या रात्री झोप आली नाही.

दुसरी पंचाईत खाण्याची. आमचं घर पक्कं शाकाहारी, बंड्या दूध-पोळी आणि दहीभातावर वाढलेला. डॉक्टर म्हणाले, मांजर जातीचंच मांसाहारी, भात-पोळी पूर्ण बंद. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, सगळी पोषणद्रव्यं असलेलं, पिठूळपणा कमी असलेलं पाकिटातलं ओलं खाणं द्या. मी घाबरतच सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नको. मागच्या पडवीत ठेव, आणि त्याची वाटी वेगळ्या घासणीने घास." एवढ्यावर निभावलं!

सासूबाई स्वतः अकरा वर्षं इन्सुलिन घेतात. पहिल्या दिवशी माझ्याकडे सिरिंज नव्हती, म्हणून त्यांच्या डब्यातली घेतली. एक युनिटच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बंड्याला मांडीत दाबून धरलं, तेवढ्यात त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"थांब. तुझी बाटली दाखव."

बाटलीवर १०० लिहिलेलं. त्यांच्या बाटलीवर ४०. त्यांची सिरिंज लाल टोपीची, ती चाळीसच्या बाटलीसाठी. शंभरच्या बाटलीला केशरी टोपीची लागते. लाल टोपीच्या सिरिंजने शंभरच्या बाटलीतलं औषध एका रेघेइतकं काढलं, तर पोटात जातं अडीच युनिट. सात किलोवरून पाच किलोवर आलेलं ते जनावर! माझे हात थरथरायला लागले. यजमान स्कूटर काढून केशरी टोपी शोधायला गेले. तुमच्याही घरात दोन माणसांची दोन इन्सुलिनं असतील, तर आज बाटल्या आणि टोप्या ताडून बघाच.

टोचायला सासूबाईंनीच शिकवलं. आधी त्याने वाटी चाटूनपुसून संपवायची, मग खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची. दोन दिवसांत बंड्याला कळेनासंही झालं. कानाच्या कडेला टोचून साखर बघणं मात्र मला जमायला महिना लागला, आणि तोवर माझ्या हातावर ओरखडेच ओरखडे. खाल्लं नसेल तर आधी फोन, मग सुई, अशी डॉक्टरांची ताकीद. लटपटला, मान टाकली, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. मधाची बाटली पडवीतच ठेवलीय. देवाच्या कृपेनं अजून उघडावी लागली नाही.

लवकर उपचार सुरू झाले, साखर ताब्यात राहिली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. बंड्याचं अजून सुटलेलं नाही, पण टाचा उचलून चालतो. आणि गटाच्या त्या बाईला मी परवा सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे तिचा कागद करून घेतला. हे आधीच करायला हवं होतं.

संध्याकाळी माझ्या बैठका असतात. सात वाजले की सासूबाई पडवीत बसतात. आधी त्याला टोचतात, मग हात धुऊन स्वतःला.